फॉर्टी-फोर विकून टेन एमएम: अस्वलांच्या मुलखात पिस्तूल निवडायची एका मित्राची केस

मे महिन्याच्या शेवटी एका मित्राचा संध्याकाळी फोन आला, आवाज कापत होता, हॅलो वगैरे काही नाही, सरळ "दादा, अस्वलासाठी कोणतं पिस्तूल घेऊ?" हा मूळचा वर्ध्याचा, अमेरिकेत मोन्टाना राज्यातल्या बोझमनला राहतो, काम ओढ्यानद्यांच्या पाण्याचं, म्हणजे नमुने गोळा करायचे, प्रवाह मोजायचा, आठवड्यातले दोन-तीन दिवस जंगलात. नाव सांगत नाही, पण त्याला विचारून लिहितोय, कारण नंतरच्या चार महिन्यांत त्याने जे केलं, चुकलं, परत केलं, ते अशा भागात राहणाऱ्या आपल्या लोकांना उपयोगी पडेल असं आम्हा दोघांनाही वाटतं.

त्या दिवशी झालं असं की तो आणि एक सहकारी गॅलटिन नॅशनल फॉरेस्टमध्ये एका ओढ्यात उतरले होते. मे म्हणजे बर्फ वितळायचा काळ, पाण्याचा आवाज इतका की शेजारचा माणूस बोललेलं कळत नाही, आणि दोन्ही काठांना विलोची दाट झुडपं. वारा त्यांच्या तोंडावर येत होता, म्हणजे पलीकडे काय असेल त्याला यांचा वास नाही आणि पाण्यामुळे आवाजही नाही. समोरच्या काठावर, हा म्हणतो वीसेक पावलांवर, एक ग्रिझली (इकडचं मोठं तपकिरी अस्वल) मादी झुडपातून बाहेर आली आणि मागे दोन पिल्लं. तिने फुसकारे टाकले, जबडा खटाखट वाजवला आणि पाण्यात उडी घेऊन तीन-चार ढांगा यांच्याकडे आली, मग थांबली, वळली आणि पिल्लं घेऊन गेली. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा नसतील. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, याच्याकडे होता, पण सॅकच्या बाजूच्या खिशात, आणि सॅक मागे काठावर ठेवलेली. हातात प्रवाह मोजायची काठी.

आता यात एक गोष्ट मला त्या फोनवरच खटकली होती, पण माणूस घाबरलेला असताना ती बोलायची नसते म्हणून बोललो नाही. ती ही की त्या दिवशी त्याच्याकडे जगातलं सगळ्यात भारी पिस्तूल असतं तरी ते त्याच सॅकमध्ये काठावर पडलेलं असतं.

मी म्हटलं, थांब, शनिवारी ये, माझ्याकडच्या दोन-तीन गन चालवून बघ, मग ठरव. तो थांबला नाही. दोन दिवसांनी दुकानात गेला आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की ग्रिझलीसाठी फॉर्टी-फोर मॅग्नमच्या खाली काही घेऊ नकोस आणि रोज अंगावर वागवायचं असेल तर हलकं घे. म्हणून स्कँडियम या हलक्या धातूच्या मिश्रणाच्या फ्रेमचं, रिकामं असताना साधारण ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर घेऊन तो घरी आला. त्या विक्रेत्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, .४४ मॅग्नम १९५५ पासून अस्वलांच्या मुलखातल्या लोकांची आवडती गोळी आहे, बंदुकांवर लिहिणाऱ्या एल्मर कीथसारख्या माणसाने वर्षानुवर्षं मागे लागून ती बनवून घेतली, आणि मी स्वतः आजही चार इंची स्टीलचं फॉर्टी-फोरच लावतो. पण विचारायचा प्रश्न त्याने विचारला नाही, की बाबा तू आधी कधी पिस्तूल चालवलंयस का.

चालवलं नव्हतं. कॉलेजात एनसीसीमध्ये टू-टूच्या रायफलवर पाच-दहा गोळ्या, बस.

शनिवारी आम्ही नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर गेलो, तिथे रस्त्यापासून आणि कॅम्पपासून नियमाएवढं अंतर ठेवून आणि मागे मातीचा उंचवटा बघून गोळ्या झाडता येतात. जेवायची कागदी प्लेट असते ना, नऊ इंची, ती आठ मीटरवर लावली. त्याने पहिली गोळी मारली ती प्लेटच्या वरून गेली, दुसरीला गन हातात फिरली, तिसरीच्या आधी डोळे मिटले गेले हे मला बाजूने स्वच्छ दिसलं, आणि पाचव्या गोळीनंतर अंगठ्याच्या बुडाशी कातडी सोलून रक्त आलं. मी त्याला न सांगता मधे एक रिकामं टरफल भरून सिलिंडर बंद करून दिला. त्या घरावर हॅमर पडला, गोळी उडालीच नाही, तरी नळी दोन इंच खाली गेली, म्हणजे धक्का यायच्या आधीच हात दचकत होता. तो स्वतःच म्हणाला, "दादा, मला या बंदुकीची अस्वलापेक्षा जास्त भीती वाटायला लागली."

कारण साधं आहे. गोळी तीच, वेग तोच, मग बंदूक जितकी हलकी तितका धक्का हातात जास्त येणार. माझं स्टीलचं रिव्हॉल्व्हर ११०० ग्रॅमच्या वर भरतं, त्यात तीच काडतुसं घातली तर त्याला पाचपैकी तीन प्लेटवर मारता आल्या. हलकी गन दिवसभर छातीवर जाणवत नाही हे खरं, पण तिचं सगळं देणं त्या दोन सेकंदांत फेडावं लागतं.

दोन सेकंद म्हणतोय ते उगीच नाही. ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. तीस मीटरवरून निघालं तर तुमच्याकडे दोन सेकंद, आणि झुडपात तीस मीटर दिसतं कुठे, त्याच्या केसमध्ये तर पंधराच्या आसपास होते. त्या वेळात ओळखायचं, हात न्यायचा, काढायचं, नेम धरायचा, आणि अस्वलाचं डोकं पळताना खाली-वर होतंय, कवटीचा उतार असा की तिरपी लागलेली गोळी घसरूही शकते. म्हणून मी त्याला सांगितलं की कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या मापाचा, विषय आपण सगळ्यात शेवटी घेऊ. आधी एवढंच बघू की बीप वाजल्यापासून प्लेटवर पहिलं भोक पडेपर्यंत तुला किती वेळ लागतो आणि पुढची चार भोकं किती वेळात पडतात. बीप देऊन प्रत्येक गोळीची वेळ मोजणारा शॉट टायमर माझ्याकडे होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही तेच केलं. माझं स्टीलचं फॉर्टी-फोर, रेंजवरून भाड्याने घेतलेलं .३५७ मॅग्नम, आणि एका मित्राचं ग्लॉक २०, म्हणजे टेन एमएम. हलक्या फॉर्टी-फोरवर त्याची पहिली गोळी अडीच सेकंदांच्या वर आणि नंतरची प्रत्येक गोळी सेकंद-सव्वा सेकंदाने, पाचांत दोन लागल्या तर नशीब. स्टीलच्या फॉर्टी-फोरवर सुधारलं पण दोन गोळ्यांमधलं अंतर फार कमी होईना. थ्री-फिफ्टी-सेव्हन जमलं. आणि ग्लॉकवर दुसऱ्या शनिवारपासूनच पहिली गोळी दोन सेकंदांच्या आत आणि पुढच्या चार जवळपास दोन सेकंदांत, पाचांत चार प्लेटवर, पुढे पाचांत पाच. हे आकडे त्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील, म्हणून तर मोजायचं असतं.

टेन एमएमबद्दल थोडं सांगतो कारण आपल्याकडे नाइन एमएम सगळ्यांनी ऐकलेलं असतं, हे नसतं. ही गोळी १९८३ मध्ये ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलासोबत आली. ते पिस्तूल टिकलं नाही, गोळी टिकली. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले, त्यानंतर एफबीआयने ताकदवान गोळी हवी म्हणून टेन एमएम घेतली, आणि बऱ्याच एजंटांना तिचा धक्का झेपेना म्हणून तिच्यातूनच पुढे .४० स्मिथ अँड वेसन निघाली. माझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की शिकलेल्या, पगारी, नोकरीच बंदुकीची असलेल्या माणसांनाही धक्का अडचणीचा झाला होता, मग आपल्या मित्राने फॉर्टी-फोरवर डोळे मिटले यात लाज कसली. ग्रीनलंडमध्ये डेन्मार्कच्या सैन्याची कुत्र्यांच्या गाडीवरून फिरणारी सिरियस पेट्रोल आहे, ती ध्रुवीय अस्वलांसाठी ग्लॉक २० च बाळगते.

एका गोळीत किती जोर, हेच बघायचं तर फॉर्टी-फोर सरळ पुढे आहे. त्यात ३०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) आसपासची गोळी चालते, टेन एमएममध्ये २०० ते २२० ग्रेनची, सेकंदाला १२०० फुटांच्या जवळपास. यावर वाद नाही. पण रिव्हॉल्व्हरमध्ये सहा, ग्लॉकमध्ये पंधरा अधिक एक चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी, उडायला तयार), आणि भरलेल्या ग्लॉकचं वजन ११०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या रिकाम्या रिव्हॉल्व्हरएवढंच. .५०० स्मिथ अँड वेसनबद्दल त्याने मधेच विचारलं, २००३ मध्ये आलेली ती राक्षसी पाच गोळ्यांची गन. मी म्हटलं चालवून बघायला चालव, घेऊ नकोस, आणि तो विषय तिथेच संपला.

पण रिव्हॉल्व्हरची एक बाजू मी त्याला मुद्दाम समजावून सांगितली, कारण मी स्वतः त्याच कारणाने ते बाळगतो. अस्वल अंगावर आलं, तुम्ही खाली पडलात आणि नळी त्याच्या अंगात रुतवून ट्रिगर दाबायची वेळ आली तर ग्लॉकसारख्या सेमी-ऑटो पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ढकलली जाऊन ते न उडण्याची शक्यता असते, रिव्हॉल्व्हरला तो प्रश्न नाही. शिवाय मनगट ढिलं राहिलं, एका हाताने अर्धवट पकडलं, तर सेमी-ऑटो अडकू शकतं. हे धोके खरे आहेत आणि टेन एमएम घेणाऱ्याने ते माहीत असून घ्यावेत. त्याने विचार केला आणि म्हणाला की अंगावर येईपर्यंतच्या दोन सेकंदांत मला पाच गोळ्या मारता येत असतील तर मी ते घेतो. त्याच्या हातांसाठी मला ते बरोबर वाटलं. माझ्यासाठी मी बदललेलं नाही.

काडतुसांत लोक फार चुकतात. पिस्तुलात लोक सहसा भरतात ती हॉलो पॉइंट, जी आत जाऊन फुलासारखी उमलते. माणसाविरुद्धच्या वापरासाठी ती बनलेली, थोड्या अंतरात थांबावी म्हणून. अस्वलाला चरबी, जाड स्नायू, खांद्याचं हाड, हे सगळं पार करून आत पोचायला हवं, त्यासाठी न उमलणारी, चपट्या तोंडाची, कडक शिशाची हार्ड कास्ट गोळी घेतात. २०१६ मध्ये अलास्कात एका जुन्या गाइडने पाहुण्यांवर आलेलं ग्रिझली साध्या नाइन एमएमने मारलं, ते लोक नेहमी सांगतात, पण त्यात तो माणूस कित्येक दशकं अस्वलांमध्ये वावरलेला होता आणि गोळ्या हार्ड कास्ट होत्या, हे दोन्ही सांगायचं राहून जातं. ग्लॉकच्या बाबतीत अजून एक, जुन्या पिढ्यांच्या नळीत आतून जी गोलसर आटे असलेली रचना आहे तिच्यात नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरू नका असं कंपनीच सांगते, शिसं साचतं म्हणून. त्यामुळे रेंजवर सराव नेहमीच्या तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांनी, हार्ड कास्ट थोड्या, आणि प्रत्येक वेळी नळी साफ. याने पहिल्या ब्रँडच्या पन्नास मारल्या तर दोनदा अडकलं. ब्रँड बदलला, दुसऱ्याच्या शंभर मारल्या, एकदाही नाही, मगच तो ब्रँड ठरला. या शंभर गोळ्यांचे पैसे त्याला जिवावर आले होते, एका डब्यात वीस येतात आणि डबा स्वस्त नाही, पण हा खर्च टाळायचा नाही म्हणजे नाही.

आता कायद्याचं, कारण इथे आपले लोक फसू शकतात. अमेरिकेत एच-वन-बी, एफ-वन किंवा टूरिस्ट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू पडू शकेल असा म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. ही बंदी फक्त विकत घेण्यावर नाही, जवळ असण्यावर आहे. मित्राला ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झालीत म्हणून तो दुकानात बंदूक खरेदीचा फॉर्म ४४७३ भरून, बॅकग्राउंड चेक होऊन घेऊ शकला, आणि मोन्टानात २०२१ पासून परमिटशिवाय लपवून बाळगायलाही परवानगी आहे. पण जूनमध्ये त्याचे वडील आले होते, टूरिस्ट व्हिसावर, आणि त्यांना फार हौस की एकदा रेंजवर चालवून बघू. मित्र त्यांना हो म्हणून बसला होता. मी फोन करून थांबवलं. काका थोडे नाराज झाले, मग मी त्यांना शेजारी बसवून सगळं दाखवलं, हात लावू दिला नाही. आई-वडील इथे आलेले असताना घरातली गन तिजोरीत आणि तिजोरीचा नंबर फक्त ज्याचा त्याला, एवढं तरी करावं.

दुसरं, मोन्टानातलं ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. जीव वाचवण्यासाठी मारलं तर गुन्हा नाही, पण पाच दिवसांच्या आत कळवावं लागतं, तपास होतो, आणि ते खरंच अंगावर आलं होतं का हे जागेवरच्या खुणांवरून बघितलं जातं. अस्वल दिसलं म्हणून मारलं असं निघालं तर दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. यलोस्टोनसारख्या नॅशनल पार्कमध्ये २०१० पासून राज्याच्या कायद्याप्रमाणे गन बाळगता येते, झाडायला मात्र मनाई आहे, हा फरक बऱ्याच लोकांना माहीत नसतो.

आणि मग या केसमधली सगळ्यात मोठी गोष्ट कळली, जी खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवी होती. जुलैमध्ये तो सहज बोलून गेला की ऑफिसच्या नियमाप्रमाणे कामावर असताना गन नेता येत नाही. मी दोन मिनिटं गप्पच बसलो. म्हणजे ज्या ओढ्यावर ती मादी समोर आली होती, ज्याच्यामुळे हा सगळा खटाटोप सुरू झाला, तिथे हे पिस्तूल कधीच नसणार होतं. ते असणार माशाला गेला तर, सप्टेंबर-ऑक्टोबरात माझ्यासोबत एल्कच्या (इकडचं मोठं हरीण) शिकारीला आला तर. वर्षातले वीस-पंचवीस दिवस. आणि जंगलातले बाकीचे शंभरेक दिवस फक्त स्प्रे.

त्या दिवसापासून आम्ही स्प्रेकडे नीट बघायला लागलो, आणि मला वाईट याचं वाटतं की दोन महिने आधी बघायला हवं होतं. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांवर आयुष्य घालवलेल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत अलास्कातल्या नोंदी काढल्या. स्प्रेच्या १९८५ ते २००६ मधल्या ८३ घटना, त्यांत ग्रिझलीचं नको ते वागणं ९२ टक्के वेळा स्प्रेने थांबलं आणि जवळून सामना झालेल्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना इजा नाही. बंदुकांच्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना, त्यांत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के वेळा कामी आलं, लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के. पण ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्यात, वापरलेल्यांची आणि वापरता न आलेल्यांची दुखापत बघितली तर ठळक फरक निघाला नाही. लोक या आकड्यांवरून भांडतात, दोन्ही अभ्यासांतले प्रसंग एकसारखे नव्हते हे खरं आहे, स्प्रेच्या सगळ्याच घटनांत अस्वल जीव घ्यायला आलेलं नव्हतं. तरी मला त्यातून एवढं दिसतं की स्प्रेला नेम कमी लागतो. ढग पसरतो, अस्वल त्यातून पळत येतं, डोळे आणि नाक जातं. वारा उलटा असेल तर त्रास होतो, पण त्या नोंदींत वाऱ्याने अडचण केलेली उदाहरणं थोडीच आहेत.

आणि स्प्रे चुकून सोबतच्याला लागला तर तो खोकतो, रडतो, तासाभराने उठतो. गोळीचं तसं नाही. २०११ च्या सप्टेंबरात मोन्टाना-आयडाहोच्या सीमेवर दोन शिकारी होते, जखमी ग्रिझली एकावर तुटून पडलं, सोबतच्या तरुण पोराने त्याला वाचवायला गोळ्या झाडल्या, आणि पोस्टमॉर्टेममध्ये निघालं की माणूस गोळीने गेला होता. त्या पोराची चूक काढायची माझी छाती नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मी ही गोष्ट मित्राला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की आपण दोघं असताना अस्वल तुझ्यावर असेल तर मी आधी स्प्रेच मारीन. तेव्हाच ठरलं की जोडीने जाताना दोघांकडेही स्प्रे, गन असली तरी.

मी मूळचा बुलढाण्याचा, ज्ञानगंगेच्या जंगलाकडेला आमची शेती, बोथ्याच्या घाटात अस्वल दिसणं लहानपणी नवलाचं नव्हतं. तिकडचं अस्वल वेगळं, मोहाची फुलं आणि वाळवी खाणारं, ग्रिझलीच्या तुलनेत लहान, पण दचकलं की पळायच्या ऐवजी उलटं अंगावर येतं आणि तोंडावर, डोक्यावर हल्ला करतं. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या बायांकडे ना गन ना स्प्रे, त्या मोठ्याने बोलत जातात, काठी आपटत जातात, एकमेकींना हाका मारत जातात. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा ट्रेलवर लोक "हे बेअर, हे बेअर" ओरडत चाललेले ऐकून मला आमच्या वाडीतल्या बायाच आठवल्या. मित्र आता ओढ्यावर कामाला उतरायच्या आधी दोन्ही काठांवरच्या झुडपांपाशी जाऊन मराठीत जोरजोरात हाका मारतो, सहकाऱ्यालाही दोन शब्द शिकवलेत. पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही म्हणून शिट्टी लावून घेतलीय. मेमधली ती भेट याने कदाचित झालीच नसती.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्याने हलकं फॉर्टी-फोर एका दुकानात सेकंडहँड म्हणून विकायला लावलं, दोनेकशे डॉलर गेले. ग्लॉक २० घेतलं. होल्स्टर छातीवरचं, कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. कमरेला नको, कारण सॅकचा कमरपट्टा आणि मासेमारीला पाण्यात उतरताना घालायचे वेडर्स दोन्ही मधे येतात, आणि छातीवरचं सायकलवर, बसल्यावर, ओझं पाठीवर असताना, कधीही हाताला लागतं. चेंबरमध्ये गोळी ठेवायची की नाही यावर त्याचं मन तयार होत नव्हतं, ग्लॉकला अंगठ्याने लावायचं सेफ्टी बटण नसतं. मी म्हटलं दोन सेकंदांत स्लाइड ओढायला तुझा दुसरा हात मोकळा असेलच असं नाही, तो हात अस्वलाच्या तोंडात असू शकतो. पण त्यासाठी आधी महिनाभर रिकाम्या गनने काढणं-ठेवणं कर, रोज दहा मिनिटं. काढण्यापेक्षा परत ठेवताना अपघात जास्त होतात, जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकते, म्हणून ठेवताना घाई अजिबात नाही, बघून ठेवायचं. छातीवरच्या होल्स्टरमधून काढताना नळी स्वतःच्या डाव्या हातावरून जाते, तो हात आधी छातीला चिकटवायचा. हे सगळं त्याने केलं. महिनाभर त्याच्या बायकोला रात्री हॉलमधून होल्स्टरचा टक-टक आवाज येत होता.

मग आम्ही एक जुनी प्लास्टिकची घसरगाडी घेतली, बर्फावर मुलं खेळतात ती, तिच्यावर पुठ्ठ्याची पेटी उभी करून प्लेट लावली, कप्पी आणि लांब दोरीने ती नेमबाजाच्या दिशेने ओढायची, ओढणारा बराच मागे आणि बाजूला. स्थिर प्लेटवर पाचांत पाच मारणारा माणूस हलत्या घसरगाडीवर पहिल्या दिवशी एक. आता तीन होतात. कधी चार. मी स्वतः सहापैकी तीनच्या वर फार जात नाही, १८ वर्षं करतोय तरी.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही मी मारलेला एल्क दोन फेऱ्यांत बाहेर काढत होतो. दुसऱ्या फेरीला परत जाताना लांबूनच कावळे आणि मॅगपाय वर-खाली होताना दिसले. तो माझ्या आधी थांबला. वारा बघितला, वारा आमच्याकडून तिकडे जात होता, म्हणजे तिथे जे होतं त्याला आमचा वास गेला होता. दुर्बिणीतून बघितलं तर मांसावर ग्रिझली, भलं मोठं, मान वर करून आमच्याकडेच बघत होतं, अंतर दीडशे मीटर असेल. मित्राचा डावा हात स्प्रेवर, क्लिप काढलेली, उजवा छातीवर पण गन आतच. आम्ही बोलत बोलत, तोंड तिकडेच ठेवून मागे सरकलो. अर्धा एल्क गेला. गाडीपाशी आल्यावर त्याने आधी स्प्रेची क्लिप परत लावली, मग मला विचारलं की हा डबा कधी एक्स्पायर होतो, आणि बघितलं तर पुढच्या मार्चमध्ये.

आता ते जुने डबे आम्ही जमवून ठेवतोय. त्याच्या बायकोने अजून एकदाही स्प्रे मारून बघितलेला नाही, सुरक्षा क्लिप काढायला तिला अंगठा पुरत नाही असं ती म्हणते. या शनिवारी वाऱ्याची दिशा बघून तिला मोकळ्या मैदानात नेणार आहोत, आधी नुसत्या पाण्याचा सरावाचा डबा, मग एक्स्पायर झालेला खरा.